पस्तीसचा आकडा: खाऱ्या पाण्याच्या टाकीची क्षारता घरी कशी मोजायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लागली तेव्हा क्षारता मोजायला माझ्याकडं प्लॅस्टिकची एक चपटी डबी होती. तिच्यात पाणी भरलं की आतला काटा वर उचलला जायचा आणि १.०२६ वर थांबायचा. कधी १.०२७ दाखवला की मी थोडं गोडं पाणी घालायचो आणि काटा खाली यायचा. महिन्याभरानं गोगलगायी काचेवरून सुटून तळाला पडून राहायला लागल्या, मिटलेले झोआंथिड, म्हणजे फुलासारखी उघडमीट करणारी कोरल (प्रवाळ), उघडेनात. मित्राच्या मीटरवर पाणी तपासलं तर २९ पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात २९ ग्रॅम क्षार; हवे होते ३५. काट्याला चिकटलेले मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे त्याला वर उचलून धरत होते, आणि मी त्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवून समुद्र पातळ करत बसलो होतो.

त्यानंतर जे शिकलो ते नव्यानं टाकी लावणाऱ्यांसाठी लिहितोय. उपकरण दोनशेचं आहे की दोन हजारांचं, यानं फारसं बिघडत नाही. ज्याची क्षारता आधीच माहीत आहे अशा पाण्यावर ते तपासलेलं आहे का, एवढंच बघायचं.

आकडा नेमका कशाचा

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यालाच ३५ पीपीटी म्हणायचं, म्हणजे हजारी पस्तीस. कोरल ठेवायची असतील तर ३५ धरा. नुसते मासे असतील तर ३० ते ३५ मध्ये कुठंही चालतं, पण रोज वेगळा आकडा चालत नाही.

दुसरी भाषा विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्यापेक्षा हे पाणी किती पट जड. २५ अंशांना ३५ पीपीटी म्हणजे १.०२६४ आणि ३३ पीपीटी म्हणजे १.०२४९. दोन पीपीटीचा फरक तिथं तिसऱ्या दशांश स्थळावर कुठंतरी दीड घराचा दिसतो. म्हणून मी पीपीटीतच बोलतो. वहीत लिहायला सोपं आणि हिशेबालाही सोपं.

आपण पाण्यातलं मीठ प्रत्यक्ष मोजत नाही. मिठामुळं बदलणारा पाण्याचा एखादा गुण मोजतो: जडपणा, प्रकाश वाकवण्याची ताकद किंवा वीज वाहून नेण्याची ताकद. एक गुण मोजून सगळ्या क्षारांचा अंदाज बांधता येतो, कारण खुल्या समुद्रात क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडं सारखंच असतं. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले, तेव्हा हे पक्कं झालं. पण स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे समुद्राचे क्षार नव्हेत. त्यात मॅग्नेशियम नाही, सल्फेट नाही. हा फरक पुढं दोनदा आडवा येणार आहे.

कोणतं उपकरण घ्यावं

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं, कारण ही यंत्रं आपल्या अवतीभवती आधीपासूनच आहेत. दूध संस्थेत कॅनमध्ये सोडतात तो लॅक्टोमीटर म्हणजे हायड्रोमीटरच, तरंगून जडपणा सांगणारा. त्याच्यावरचा २६ म्हणजे १.०२६. कारखान्याचा माणूस उसाच्या फडात येऊन रसाचा थेंब काचेवर टाकतो आणि डोळ्याला नळी लावून ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, सांगतो, ती नळी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. लगेच कुणीतरी विचारतं, मग तीच नळी टाकीला लावली तर? लागत नाही. ३५ पीपीटीचं पाणी ब्रिक्सच्या पट्टीवर साडेचारच्या आसपास दिसतं. सगळा समुद्र पहिल्या चार-पाच रेघांत बसला तर दोन पीपीटीचा फरक कसा ओळखणार? आणि दुधाचा लॅक्टोमीटर टाकीत घातलात तर तो परत दुधात घालू नका. घरात शांतता राहील.

काट्याची डबी घेऊ नका. आधीच घेतली असेल तर भरल्यावर टिचक्या मारून बुडबुडे सोडवा, वापरल्यावर आरओच्या पाण्यानं धुवा, आणि तिचा आकडा दुसऱ्या उपकरणाशी ताडून बघा. क्षार काट्यावर वाळून बसले की काटा जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. बुडबुडे असले की जास्त. एकाच डबीत दोन्हीकडच्या चुका.

नवीन माणसानं हाताचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, असं माझं मत. काचेचा तरंगता हायड्रोमीटर स्वस्त आहे आणि चांगला असेल तर रिफ्रॅक्टोमीटरइतकाच भरवशाचा, फक्त जपावा लागतो. वीजवाहकतेचं मीटर सगळ्यांत सोयीचं, पण खर्चिक.

तपासणीचं पाणी घरीच बनवा

रिफ्रॅक्टोमीटरच्या डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं: शुद्ध पाण्याचे थेंब टाका आणि रेघ शून्यावर आणा. बहुतेक जण तेवढंच करतात, आणि पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथंच असतं. बाजारातल्या कित्येक रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. असं उपकरण शून्यावर बरोबर बसवलं तरी खऱ्या ३५ च्या समुद्राला ते साडेछत्तीस म्हणतं. मग तुम्ही पाणी पातळ करता, उपकरण ३५ दाखवतं, आणि टाकी प्रत्यक्षात साडेतेहतीसवर असते. शिवाय शून्यावर जुळलेलं उपकरण पस्तिसावर जुळेलच याची खात्री काय? मोजायचं पस्तिसाजवळ असेल तर तपासायचंही तिथंच.

त्यासाठी लागतं साधं मीठ. १०० ग्रॅम द्रावणात ३.६५ ग्रॅम मीठ असेल तर ते द्रावण प्रकाशाला नेमकं तेवढंच वाकवतं जेवढं ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी वाकवतं. म्हणजे ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी, एकूण एक किलो. पाणीसुद्धा वजन करूनच घ्यायचं, मापानं नाही.

पाकिटातलं साधं आयोडीनयुक्त मीठ चालतं. खडेमीठ किंवा सैंधव नको. मिठात ओल असते, आणि जुलैत आपल्याकडं ती किती असते ते मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून स्टीलच्या ताटलीत मीठ पसरून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत कोरडं करा आणि झाकणाच्या डब्यात गार होऊ द्या. पाणी डिस्टिल्ड घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते या कामापुरतं उत्तम, टाकीत मात्र घालू नका. तेही नसेल तर घरच्या आरओचं पाणी घ्या. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५० असला तरी फरक ०.०५ पीपीटीचा, जो तुमच्या डोळ्याला दिसणारही नाही.

खरी अडचण वजनाची. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो. ३६.५ ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तर आकडा अर्ध्या पीपीटीनं हलला. उपाय साधा आहे, द्रावण जास्त बनवा. ७३ ग्रॅम मीठ आणि १९२७ ग्रॅम पाणी घेतलं की तीच चूक पाव पीपीटीवर येते.

मी मात्र पहिल्यांदा कोरडं मीठ डबीत भरून सरळ गुजरीत, सराफांच्या पेठेत, गेलो. महाद्वार रोडला गर्दी होती. ओळखीच्या सराफानं डबी उघडून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “काय ओ, सोनं एवढं महाग झालं व्हय, मीठ मोजून घ्यायला लागलाय?” पण दिलं मोजून, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. घरी येऊन माझ्या काट्यावर तीच डबी ठेवली तर तो ग्रॅमभर जास्त सांगत होता. त्या फेरीचा खरा फायदा हा झाला की माझा काटा किती खोटं बोलतो ते कळलं.

द्रावण घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर तारीख लिहा. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि द्रावण दाट होतं, मग तीच बाटली तुम्हाला फसवते. मी दीड-दोन महिन्यांनी नवं बनवतो. दोन रुपयांचं मीठ जातं. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात “पिऊ नये” लिहा, फ्रीजजवळ ठेवत असाल तर नक्कीच.

रिफ्रॅक्टोमीटर जुळवणं आणि वाचणं

उपकरण, द्रावण आणि टाकीच्या पाण्याचा नमुना, तिन्ही गोष्टी एकाच खोलीत अर्धा तास शेजारी ठेवा. मग झाकणी उघडून काच आरओच्या पाण्यानं ओल्या केलेल्या मऊ फडक्यानं पुसा आणि कोरडी करा. द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका, झाकणी अलगद खाली आणा. खाली बुडबुडा किंवा कोरडी जागा दिसली तर पुन्हा करा. आता अर्धा मिनिट थांबा, म्हणजे थेंबाचं आणि काचेचं तापमान एक होईल. जास्त थांबू नका. एप्रिलमध्ये पंख्याखाली थेंबातलं पाणी उडायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यानंही आकडा चढतो.

खिडकीकडं तोंड करून बघा. टाकीवरच्या निळ्या दिव्याखाली कधीही वाचू नका. वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश वेगवेगळा वाकतो आणि पट्टी सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी आखलेली असते. उजेड पांढरा असावा, दिवसाचा असेल तर उत्तम. निळा आणि पांढरा भाग जिथं मिळतात ती रेघ ३५ वर यायला हवी. येत नसेल तर वरच्या स्क्रूवरची रबरी टोपी काढून छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं किंचित फिरवा. पाव फेरासुद्धा पुष्कळ होतो. रेघ जागेवर आली की काच पुसून पुन्हा नवे थेंब टाका आणि पुन्हा बघा. दोनदा ३५ आलं तरच पुढं जा.

आता शुद्ध पाण्याचे थेंब टाका. ते शून्याच्या आसपास दिसलं तर तुमची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी आखलेली आहे. शून्याच्या खाली, दीडभर उतरलेलं दिसलं तर ती साध्या मिठाची. घाबरायचं कारण नाही. ३५ ला जुळवलंय, तुम्हाला मोजायचंही ३५ च्या आसपास, तिथं ती बरोबरच बोलेल.

मग टाकीचं पाणी. नमुना मधून घ्या, गोडं पाणी जिथं पडतं त्या कोपऱ्यातून नको. ड्रॉपर आधी टाकीच्याच पाण्यानं एकदा खंगाळा. तीन वेळा वाचा आणि मधला आकडा वहीत लिहा. वापरून झालं की काच गोड्या पाण्यानं पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं मिठाची पांढरी कड बसलेली दिसेल.

उपकरणावर एटीसी लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप. पण ती बहुतेक उपकरणांत १० ते ३० अंशांपर्यंतच. डिसेंबरच्या सकाळी काही अडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत पारा पस्तिशीवर असतो, तिथं ती हमी संपली. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर मोजा. आणि प्रत्येक वेळी आधी द्रावणाचे थेंब टाकून बघण्याची सवय लावा, तेव्हा स्क्रूला हात लावावा लागला नाही तर आणखी बरं.

काचेचा हायड्रोमीटर असेल तर

उंच, अरुंद नळकांड्यात टाकीचं पाणी घ्या, हायड्रोमीटर अलगद सोडा, एक गिरकी द्या म्हणजे बुडबुडे सुटतील. डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा. पाणी काचेला चिकटून कडेनं वर चढलेलं दिसतं, ती कड धरायची नाही, सपाट पातळी धरायची. आतल्या कागदावर दोन गोष्टी छापलेल्या असतात त्या आधी वाचा. पहिली, कोणत्या तापमानाला आखलाय. पाणी त्याच तापमानाला आणून मोजलं की दुरुस्तीचे तक्ते लागत नाहीत. दुसरी, आकडा विशिष्ट गुरुत्वाचा आहे की घनतेचा, म्हणजे मिलीलीटरला किती ग्रॅम. २५ अंशांना ३५ पीपीटीचं विशिष्ट गुरुत्व १.०२६ आणि घनता १.०२३. हा फरक न कळल्यानं चांगल्या पाण्यात उगाच मीठ ओतणारे मी पाहिलेत.

वर सांगितलेलं मिठाचं द्रावण इथं तंतोतंत लागू पडत नाही. प्रकाशाच्या बाबतीत ते ३५ ची नक्कल करतं, वजनाच्या बाबतीत ते अर्धा-पाऊण पीपीटी हलकं पडतं. तेवढं लक्षात ठेवलं तर हायड्रोमीटर साफ चुकीचा आहे का ते त्यावर नक्कीच कळतं.

वीजवाहकतेच्या मीटरला हे द्रावण अजिबात वापरू नका. त्यासाठी ५३ मिलिसीमेन्सचं तयार द्रावण विकत घ्या. २५ अंशांना ३५ पीपीटी म्हणजे तेवढी वाहकता. शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केलेली क्षारतेची व्याख्याही वाहकतेवरूनच होती. मीटरचं टोक पाण्यात बुडवून हलवा, बुडबुडा अडकू देऊ नका, आणि तापमानाचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, कारण एका अंशाला वाहकता सुमारे दोन टक्के बदलते. आरओवाल्याकडचा टीडीएसचा पेन या कामाचा नाही, त्याची पट्टी समुद्राच्या कितीतरी आधी संपते.

आकडा चुकलेला दिसला तर

आधी पुन्हा मोजा. मग द्रावणावर उपकरण तपासा. तरी चुकलेलाच असेल तर टाकीला हात लावा.

सगळ्यांत जास्त वेळा क्षारता वाढते ती पाणी उडाल्यानं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. १०० लिटरमधलं ५ लिटर उडालं की ३५ चं जवळजवळ ३७ होतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं कधीच नाही. काचेवर बाहेरून मार्करनं पातळीची रेघ मारा. सम्प, म्हणजे टाकीला जोडलेली खालची फिल्टरची टाकी, असेल तर रेघ सम्पवर मारा, कारण पातळी तिथंच खाली जाते. कोल्हापुरात उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की ही रेघ दिवसात डोळ्यांदेखत उतरते, आणि आषाढात हवाच इतकी ओली की आठवडाभर हलत नाही. मेमध्ये लावलेली “रोज दोन तांबे” ही सवय जुलैत तशीच चालू ठेवलीत, तर टाकी हळूहळू गोडी होत जाते.

३७ वरून ३५ वर आणायचं असेल तर १०० लिटरमधून साधारण साडेपाच लिटर पाणी काढून तेवढंच गोडं घाला, दोन-तीन हप्त्यांत. उलट ३३ वरून ३५ वर न्यायचं असेल तर १०० लिटरला सुमारे २०० ग्रॅम समुद्री मीठ (टाकीसाठी पिशवीत मिळतं ते, स्वयंपाकघरातलं नव्हे) लागतं. पण ते टाकीत थेट ओतायचं नाही. काही दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी घाला, नेहमीच्या नियमाला हा एवढाच अपवाद. दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त चढवू नका. खाली येणं मासे बऱ्यापैकी सोसतात, वर जाणं त्यांना जड जातं, आणि कोरलला दोन्हीही आवडत नाही. लिटरचा हिशेब करताना टाकीच्या मापातून दगड आणि वाळूची जागा वजा करा. दुकानदार १०० लिटर म्हणतो त्या टाकीत पाणी बहुधा ऐंशी-पंच्याऐंशी लिटरच असतं.

नवं पाणी बनवताना

बदलायचं पाणी बादलीत आदल्या रात्रीच बनवा. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ, पिशवीवर लिहिलं असेल त्याप्रमाणं. २० लिटरच्या कॅनला मी ७२० ग्रॅमपासून सुरुवात करतो. छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या. विरघळताना घाईनं मोजलं तर आकडा कमी दिसतो, तुम्ही आणखी मीठ टाकता आणि सकाळी पाणी ३८ वर असतं. पावसाळ्यात मिठाची पिशवी ओल ओढून घेते, त्यामुळं तेच ७२० ग्रॅम कमी मीठ देतात. वजन ही फक्त सुरुवात, शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. पाणी स्वच्छ दिसायला लागलं, तापमान टाकीइतकं झालं, की मोजा आणि मगच ओता.

आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याहून कॅन भरून आणणारेही आपल्यात आहेत. मोह समजतो. पण पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे खाडीच्या तोंडाजवळचं पाणी पावसानं आणि नद्यांनी पातळ झालेलं असतं, आणि किनाऱ्याजवळ काय काय वाहून आलंय ते रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही. आणायचंच असेल तर उपकरण आणि ती छोटी बाटली गाडीत घेऊन जा, कॅन भरायच्या आधी मोजा. ३५ च्या जवळ नसेल तर नारळपाणी पिऊन परत या.

माझ्या टाकीच्या स्टँडवर आता दोऱ्यानं बांधलेली एक वही असते. तारीख, खोलीचं तापमान, द्रावणाचा आकडा, टाकीचा आकडा. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी. पहिले दोन महिने रोज मोजा, नंतर आठवड्याला एकदा पुरतं. द्रावणाचा रकाना रिकामा असेल त्या दिवशीचा टाकीचा आकडा मी खोडून टाकतो.